चार वाड्या, चार पेट्या : फिरत्या बालवाचनालयाच्या कामाच्या नोंदी

ठिकाण रत्नागिरी जिल्ह्यातला संगमेश्वर तालुका. एक गाव, डोंगराच्या उतारावर विखुरलेल्या चार वाड्या, पाचवीपर्यंतची एक शाळा, पटावर ३८ मुलं. काम असं : प्रत्येक वाडीत पुस्तकांची एक पेटी ठेवायची, ती मुलांनीच चालवायची, ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल करायची. आमच्यासारखंच काम दुसरीकडे कुणी काढलं तर त्यांचे पैसे आणि वेळ वाचावेत म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

१२ एप्रिल २०२५ : आधी शाळेचं कपाट

नवीन पुस्तकं घेण्याआधी शाळेत काय आहे ते पाहिलं. पुस्तकं होती, चांगली होती, आणि बरीचशी कोरी होती. पुस्तकं जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या यादीत, चढलेली असतात. हरवलं तर मुख्याध्यापकाला उत्तर द्यावं लागतं, बदली झाली की कार्यभार देताना एकेक मोजून द्यावं लागतं. अशा वेळी शहाणा माणूस कपाटाला कुलूप लावतो. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही, नोंदवहीची रचनाच तशी आहे.

म्हणून पहिला निर्णय मालकीचा. पेटीतली पुस्तकं शाळेच्या नोंदवहीत जाणार नाहीत, ती ग्रामस्थांच्या मंडळाची. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत साधा ठराव करून घेतला : पुस्तकं मंडळाची, जबाबदारी मंडळाची, दरवर्षी दहापैकी एक पुस्तक हरवेल किंवा निकामी होईल हे गृहीत. ही शेवटची ओळ ठरावात आलीच पाहिजे. ती नसली की पहिलं पुस्तक हरवल्या दिवशी कुणीतरी कुलूप घेऊन येतो.

२६ एप्रिल : निवड आणि खरेदी

एकूण तरतूद १५,००० रुपये. त्यातले दहा हजारांच्या आत पुस्तकं बसवायची, बाकी पेट्या, डागडुजी, वाहतूक.

देणगीची पुस्तकं आधी गोळा करून पाहिली. तीन पोती भरली. त्यात जुनी पाठ्यपुस्तकं, गाईडं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, पोथ्या, आणि बारीक टाइपातली संस्कारकथांची पुस्तकं. मुलाने आपणहून उचलावं असं फार थोडं निघालं. रद्दीत घालायला वाईट वाटतं म्हणून दिलेलं पुस्तक मुलांनाही नको असतं. यापुढे देणगी मागायची तर पुस्तकांची यादी हातात द्यायची किंवा पैसे मागायचे.

खरेदी पुण्यात अप्पा बळवंत चौकातून केली. एका पेटीतल्या ४० पुस्तकांची वाटणी अशी :

बारा पुस्तकं बिनशब्दांची किंवा पानाला एकच ओळ असलेली. चौदा पुस्तकं पानाला दोन ते पाच ओळींची. दहा थोड्या लांब गोष्टींची, चौथी-पाचवीसाठी. चार माहितीची : पक्षी, साप, आकाश, हाताने करायच्या वस्तू.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं स्वस्त पडतात, त्यामुळे संख्या भरते. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं उत्तम. मोठ्या मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे सुटे अंक घेतले. हे मासिक १९७१ पासून चालू आहे, जुने अंक अजूनही हाती लागतात आणि मुलांना तारखेशी काही देणंघेणं नसतं.

चारही पेट्यांत सगळी पुस्तकं वेगळी ठेवायची असं आधी ठरत होतं. मग बदल केला : प्रत्येक पेटीत ३२ पुस्तकं वेगळी आणि ८ पुस्तकं चारही पेट्यांत तीच. वाड्या वेगळ्या असल्या तरी मुलं शाळेत एकत्र येतात. एकाच पुस्तकाबद्दल दोघांना बोलता आलं पाहिजे, नाहीतर बोलणं ‘माझ्याकडे एक पुस्तक आहे’ इथेच संपतं.

१६० पुस्तकं, सवलत वजा जाता ९,१४० रुपये. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, बिलात लावलेला दिसला तर विचारा.

१७ मे : पेटी कसली घ्यावी

पत्र्याची २४ इंची ट्रंक हीच डोळ्यांसमोर होती. एक आणून ४० पुस्तकं भरून पाहिली. रिकामी ट्रंकच जड, भरल्यावर दोन मुलांनाही कडीने उचलून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढता येईना. शिवाय ट्रंकेत पुस्तकं आडवी रचली जातात, वरची पाच दिसतात, खालची पस्तीस महिनाभर तळातच राहतात. पावसाळ्यात आतून पत्रा घामेजतो तो त्रास वेगळाच. ट्रंक पुढे फाटक्या पुस्तकांच्या ‘दवाखान्या’ला वापरली (२० सप्टेंबरची नोंद पाहा).

त्याऐवजी भाजीवाले वापरतात ते प्लास्टिकचे क्रेट घेतले, ६० बाय ४० सेंटिमीटरचे. हलके, बाजूंना भोकं असल्याने हवा खेळते. पुस्तकं दोन ओळींत उभी ठेवली की मुखपृष्ठं चाळत शोधता येतात, दुकानात कपडे चाळतात तशी. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. तळाला पुठ्ठा घालू नका, तो ओल धरतो. जुन्या फ्लेक्सचा तुकडा कापून घाला, गुळगुळीत बाजू वर. क्रेटवर झाकायला शिवलेली ताडपत्री, चारही कोपऱ्यांना नाडी. एका पेटीचा सगळा खर्च साधारण ५०० रुपये.

देवरुखच्या बाजारात जुने क्रेट अर्ध्या किमतीत मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. फळांचा गोड चिकटा राहिला तर मुंग्या आणि मग झुरळं येतात.

२८ मे : पाऊस लवकर, कव्हरांचं काम अर्धवट

यंदा मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला. कव्हरं घालून पुस्तकं वाळवायला जून उजाडेपर्यंत वेळ आहे असा हिशेब होता, तो चुकला.

कव्हरांबाबत दोन गोष्टी. प्लास्टिकचं कव्हर चिकटपट्टीने मुखपृष्ठाला चिकटवायचं नाही. इकडच्या हवेत प्लास्टिक आणि पुठ्ठा यांच्यामध्ये दमट हवा अडकते आणि तिथे बुरशी धरते. पट्टी फक्त प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला, पुस्तकाला लागता कामा नये. कव्हर खोळीसारखं सैल हवं, काढून पुसता आलं पाहिजे. दुसरं, पारदर्शकच घ्या. खाकी कागद टिकाऊ असतो, पण त्याने पुस्तकाचं तोंडच झाकलं जातं. वाचता न येणारं मूल चित्र बघून पुस्तक निवडतं. त्याला चाळीस खाकी ठोकळ्यांतून काय निवडता येणार?

दाखल क्रमांक मुखपृष्ठाच्या आत आणि सतराव्या पानावर. पुस्तक सोळा पानांचंच असेल तर शेवटच्या पानावर. क्रमांकाच्या आधी पेटीचं चिन्ह : सूर्य, मासा, पान, होडी. क्रमांक वाचता न येणारंही चिन्ह बघून पुस्तक योग्य पेटीत टाकतं.

२१ जून : पहिला आठवडा, रांग लागली

शाळा १६ जूनला सुरू झाली. पेट्या वाड्यांवर गेल्या : दोन देवळाच्या पडवीत, एक अंगणवाडीत, एक घराच्या ओटीवर. वेळ बुधवार आणि शनिवार संध्याकाळ.

देवघेव नोंदवहीत ठेवली होती. रकाने : तारीख, नाव, इयत्ता, पुस्तकाचं नाव, क्रमांक, परत तारीख, सही. अकरा मुलांची नोंद करायला पाऊण तास गेला. नोंद लिहिणारी चौथीतली मुलगी रडकुंडीला आली, मागची मुलं आपापसात पुस्तकं बदलून घरी गेली. म्हणजे देवघेव उत्तम चालली होती, नोंद तेवढी होत नव्हती.

दुसरी गडबड रंगांची. पुस्तकांच्या पाठीवर हिरवी, पिवळी, लाल टिकली लावली होती : सोपं, मध्यम, अवघड. स्टोरीवीव्हर या प्रथम बुक्सच्या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या पातळ्यांवरून ही कल्पना घेतली. तिथे पहिली पातळी २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत, चौथी त्यापुढे. पुस्तकं विकत घेताना ही मोजणी उपयोगी पडते. मुलांसमोर मात्र ती उघडी ठेवू नये. दोन दिवसांत हिरवं म्हणजे ‘बारक्यांचं’ ठरलं. पाचवीतला, वाचनात अडखळणारा मुलगा हिरव्याला हात लावेना आणि लाल पुस्तक नुसतं काखेत घेऊन फिरू लागला. टिकल्या काढल्या. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली की गोंद न राहता निघतात, नखाने खरवडल्या तर मुखपृष्ठ सोलतं.

५ जुलै : नोंदवही बंद, पत्ता (कार्ड) सुरू

प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कव्हरात आतून कागदी खिसा चिकटवला, त्यात जाड कागदाचा एक पत्ता, ७.५ बाय १२.५ सेंटिमीटर. पत्त्यावर वर पुस्तकाचं नाव आणि क्रमांक, खाली नुसत्या रिकाम्या ओळी. पेटीशेजारी भिंतीवर टांगायचा कापडी पडदा, त्यावर प्रत्येक मुलाचा एक कप्पा. पुस्तक नेताना मूल पत्त्यावर आपलं नाव लिहितं आणि पत्ता स्वतःच्या कप्प्यात टाकतं. परत आणलं की पत्ता पुन्हा पुस्तकात. तारीख नाही, सही नाही. पहिलीतली मुलं नावाऐवजी आपलं चिन्ह काढतात.

पडदा मांजरपाटाचा, सव्वा मीटर कापडात बारा कप्पे बसतात. शिलाई वाडीतल्याच शिवणयंत्रावर, दोरा-कापड धरून एका पडद्याचे १४० रुपये. कप्पा पत्त्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उथळ हवा, म्हणजे वरची कड दिसते.

नोंदीपेक्षा मोठा फायदा नंतर कळला. पत्त्यावर आधी वाचणाऱ्यांची नावं दिसतात, आणि मुलं पुस्तकाआधी नावं वाचतात. अमक्या ताईने नेलं होतं म्हणजे चांगलं असणार. मग शाळेत तिला गाठून ‘शेवटी तो सापडतो काय गं?’ असं विचारणं. पुस्तकांच्या शिफारशी करायला मोठ्यांची गरज उरली नाही. म्हणून पत्ता भरला तरी फेकायचा नाही, नवा त्याच्या मागे लावायचा.

एक रुपया उशीर-दंड ठेवला होता, तोही आज बंद केला. उशीर झालेली मुलं पुस्तक परत करायची तर थांबलीच, पेटीकडेही फिरकेनाशी झाली होती. दंड उठल्यावर तशी चार पुस्तकं त्याच शनिवारी परत आली.

१९ जुलै : लावणीचे दिवस

भातलावणी चालू आहे. मोठी माणसं दिवसभर शेतात, मुलंही बांधावर. संध्याकाळची वेळ कोसळली. दोन वाड्यांत वेळ सकाळी शाळेला निघण्याआधीची केली, आणि पेटी देवळातून ज्या घरासमोरून मुलं शाळेला जातात त्या घरी हलवली. पेटीची जागा वाटेवर हवी. देऊळ ‘सगळ्यांचं’ असलं तरी वाटेवर नसेल तर पावसात तिकडे कुणी वळत नाही.

पेटी चालवायला प्रत्येक वाडीत दोन मुलं. दोनच. एक असलं तर आजारपणात पेटी बंद, तीन असली तर कुणीच उघडत नाही. दोघांपैकी एक जरा दांडगं, एक व्यवस्थित असं जमलं तर उत्तम. दोन महिन्यांनी जोडी बदलायची.

पुस्तक बदलण्याआधी दहा मिनिटं मोठ्याने वाचन ठेवलं आहे. वाचणाऱ्याने पुस्तक छातीसमोर, चित्र मुलांकडे धरायचं आणि स्वतः बाजूने वाचायचं. याचा सराव घरी करावा, आयत्या वेळी ओळ सापडत नाही. मधल्या उत्कंठेच्या जागी थांबायचं आणि पुस्तक पेटीत ठेवून द्यायचं. त्या दिवशी त्याच पुस्तकावर झडप पडते, म्हणून समाईक आठांपैकीच एक वाचायला घ्यावं. एकाने नेलं तरी दुसऱ्या वाडीतल्या पेटीत ते असतं.

वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलात?’ विचारायचं नाही. एका वाडीत एका उत्साही पालकांनी तात्पर्य लिहायची वही सुरू केली, तिथे देवघेव लगेच निम्म्यावर आली. वही बंद करायला त्यांना पटवावं लागलं. तेवढं अवघड काम या महिन्यात दुसरं नव्हतं.

१० ऑगस्ट : बुरशी आणि गंजलेल्या पिना

जुलैच्या शेवटी पुस्तकांवर पांढुरकी-हिरवट बुरशी दिसू लागली. सगळ्यात जास्त कुठे? जी पुस्तकं कुणी नेलीच नाहीत, त्यांवर. घराघरांत फिरणारी जवळजवळ स्वच्छ. रोज उघडलेल्या पानांना वारा लागतो, दाबून ठेवलेल्यांना लागत नाही. काही घरांत पुस्तक चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं जात होतं. धुराचा वास येतो, कडा पिवळसर होतात, पण कोरडं राहतं.

बुरशी आलेली पुस्तकं लगेच वेगळी केली. ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी कागदात मुरते. आधी सावलीत, पंख्याखाली, पानं पंख्यासारखी पसरून पुस्तक उभं करून वाळवायचं. पूर्ण कोरडं झाल्यावरच बाहेर नेऊन मऊ ब्रशने झटकायचं, नाकातोंडाला फडकं बांधून. हे काम मुलांना द्यायचं नाही. कडक उन्हात ठेवलं तर कागद वाकतो आणि चित्रांचा रंग उडतो, अर्थात ऑगस्टमध्ये ऊन मिळालं तर.

सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवून पाहिल्या. बंद डब्यात त्या काम करतात. भोकांच्या क्रेटमध्ये त्या सगळ्या जगाची हवा वाळवायला निघतात आणि लगेच थकतात. २२० रुपये वाया. डांबर गोळ्या वापरू नका, मुलं पुस्तक तोंडाजवळ धरतात, लहान मुलं गोळी तोंडातही घालतात.

शेवटी उपाय देवघेवीच्या नियमातच सापडला. एका मुलाला एका वेळी एक पुस्तक होतं, ते तीन केलं. ३८ मुलं, तीन-तीन पुस्तकं, म्हणजे ११४ पुस्तकं घरोघरी आणि पेट्या जवळजवळ रिकाम्या. उरलेली थोडी पुस्तकं सैल राहतात, त्यांनाही हवा लागते. पावसाळाभर हाच नियम.

पिनांचं दुखणं वेगळं. पातळ पुस्तकं मधोमध दोन पिनांनी शिवलेली असतात. इथे पहिल्याच पावसाळ्यात पिना गंजतात, तपकिरी डाग पडतो, तिथला कागद कुजून मधली पानं सुटतात. गंज दिसायच्या आधीच पिना काढून दोऱ्याने शिवणं बरं. कृती :

१. पुस्तक मधल्या पानावर उघडून पिनेची टोकं बोथट सुरीने उभी करा, बाहेरून पिन ओढून काढा. नखाने किंवा मुलांकडून नको, गंजलेली पिन बोटात जाते.

२. घडीवर तीन भोकं पाडा : एक बरोबर मध्ये, दोन वरखाली कडेपासून साधारण तीन सेंटिमीटरवर. पिनांची जुनी भोकं वापरू नका, तिथला कागद कमजोर झालेला असतो. टोचा किंवा जाड सुई चालते. पुस्तकाखाली जुन्या चपलेचा तळ ठेवला की भोक सरळ पडतं.

३. जाड सुती दोरा, पुस्तकाच्या उंचीच्या अडीच पट, मेणबत्तीवर दोनदा ओढलेला. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतूनच थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि मधल्या भोकातून पुन्हा आत.

४. आता दोन्ही टोकं आत आहेत. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टोक येईल असं बघून त्यावरून गाठ मारा. दोरा ओढताना घडीच्या दिशेनेच ओढा. पानाला काटकोनात ओढला की कागद फाटतो.

सरावाने एका पुस्तकाला सहा-सात मिनिटं. चौथी-पाचवीतल्या मुलांना शिवण लगेच जमली, काही मुलांची मोठ्यांपेक्षा सुबक आहे. नायलॉनचा दोरा घेऊ नका, तो कागद कापतो.

७ सप्टेंबर : गणपती, चाकरमानी, आणि मुंबईला गेलेली पुस्तकं

गणपती २७ ऑगस्टला बसले. घरं मुंबई-ठाण्याहून आलेल्या माणसांनी भरली, पटावरच्या मुलांइतकीच पाहुणी मुलं वाड्यांत. पाहुण्यांना पुस्तकं द्यायची की नाही हे कुणी ठरवलं नव्हतं, पेटीवरच्या मुलांनी परस्पर ठरवून दिली. रिकाम्या कप्प्यांत ‘बोरिवलीचा दादा’, ‘आत्याची मुलगी’ अशी नावं.

चाकरमानी परतल्यावर मोजदाद केली तर अकरा पुस्तकं गावात नाहीत. ठरावातली दहापैकी एकाची ओळ इथे कामाला आली, आरडाओरड झाली नाही. पेटीवरच्या मुलांनीच आपापल्या नातेवाइकांना फोन लावायला सांगितले. सात पुस्तकं सापडली, मुंबईतल्या घरी, बॅगांत. परत आणायला दिवाळीत येणारा माणूस हा सगळ्यात स्वस्त मार्ग. टपालाने मागवायची तर ज्ञान पोस्ट आहे : मे २०२५ पासून चालू झालेली पुस्तकांसाठीची सेवा, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. एकेक पाठवण्यापेक्षा एका घरी गोळा करून एकच पुडकं करावं.

नियम बदलला नाही. पाहुण्यांना पुस्तक द्यायचं. फक्त पत्त्यावर कुणाच्या घरचा पाहुणा तेही लिहायचं.

२० सप्टेंबर : दवाखाना

मुलं फाटलेलं पुस्तक लपवतात. मार मिळेल या भीतीने एका घरी पुस्तक गादीखाली निघालं. एकच पान निखळलं होतं. उपाय म्हणून जुनी ट्रंक ‘पुस्तकांचा दवाखाना’ केली. फाटलेलं पुस्तक त्यात टाकायचं, कसं फाटलं हे कुणी विचारणार नाही, आणि लगेच दुसरं पुस्तक न्यायचं. पहिल्या शनिवारी चौदा ‘रोगी’ आले.

दुरुस्तीचं साहित्य : मैद्याची खळ, फेविकॉल, पतंगाचा पांढरा कागद, मांजरपाटाच्या पट्ट्या, ब्रश, जाड पाट आणि वजनाला विटा.

पारदर्शक चिकटपट्टी पुस्तकाच्या पानाला लावायची नाही. वर्षभरात ती पिवळी पडते, गोंद बाजूला सरकून शेजारचं पान चिकटतं, काढायला गेलं तर छपाई घेऊन निघते. फाटलेल्या पानाला पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी, कडा कापलेल्या नव्हे तर हाताने फाडलेल्या, म्हणजे सांधा दिसत नाही. पट्टीला खळ लावून चिकटवा, वर-खाली मेणकागद, मग पुस्तक विटांखाली रात्रभर. रंगीत पतंगाचा कागद चालत नाही, त्याचा रंग सुटतो.

खळ : एक भाग मैदा, सहा भाग पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळणे. दोन दिवसांत आंबते, म्हणून वाटीभरच करा. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागत नाही हे खरं. पण मोरचूद विष आहे, मुलांच्या पुस्तकात नको. पट्टी पातळ लावली आणि पुस्तक फिरतं राहिलं तर कसर फारशी लागत नाही.

पाठीला गोंदाने चिकटवलेल्या जाड पुस्तकांची पानं सुटतात तेव्हा खळ पुरत नाही. सुटलेली पानं टोकं जुळवून दाबायची, पाठीला फेविकॉलचा पातळ थर, त्यावर कापडाची पट्टी, पुन्हा पातळ थर. जाड थर वाळल्यावर कडक होतो आणि पुस्तक उघडताना तडकतो.

दोरीवर पुस्तकं टांगून प्रदर्शन करतात, छान दिसतं. पण टांगायची ती मध्ये शिवलेलीच. पाठीला चिकटवलेली दोरीवर टांगली की दवाखान्यात भरती नक्की.

१५ ऑक्टोबर : अदलाबदल

डॉ. कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. शाळेत दरवर्षी या दिवशी सगळे मिळून तासभर वाचतात. त्याला जोडून स्वतःच्या पुस्तकांची अदलाबदल ठेवली : एक आणा, एक न्या, कायमचं.

अडचण उघड होती, आणि आली. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी स्वतःचं गोष्टीचं पुस्तक नाहीच. आणायला काही नसलेली मुलं भिंतीला टेकून उभी राहिली असती. म्हणून आधीच्या शनिवारी दवाखान्यात काम केलेल्या, पेटी सांभाळलेल्या, लहानांना वाचून दाखवलेल्या मुलांना एकेक चिठ्ठी दिली होती : एक चिठ्ठी, एक पुस्तक. याद्या करून असं बसवलं की आणायला पुस्तक नसलेल्या प्रत्येकाकडे एक तरी चिठ्ठी येईल. चिठ्ठ्यांसाठी ३० नवी पुस्तकं लागली, १,५६० रुपये. तरतुदीत नव्हते, मंडळाने दिले.

दुसरी अडचण पालकांची. एका मुलीने वाढदिवसाला आलेलं महागडं पुस्तक देऊन पातळसं पुस्तक घेतलं, घरून तक्रार आली. पुढच्या वेळी आणायचं पुस्तक आधी घरी विचारून ठरवायचं आणि त्यावर पालकांची सही घ्यायची. मुलगी मात्र सौद्यावर खूश होती.

२२ नोव्हेंबर : घरी छापलेली आणि हाताने केलेली

पेट्यांतली पातळ पुस्तकं मुलांची वाचून संपत आली. स्टोरीवीव्हरवरची पुस्तकं मुक्त परवान्याची आहेत, श्रेय देऊन छापता येतात, म्हणून छापून पाहिली. १६ पानी पुस्तक म्हणजे ए-फोरचे चार कागद दोन्ही बाजूंनी. रंगीत छपाई एका बाजूचे १० रुपये, आठ बाजू, ८० रुपये. विकतचं पुस्तक यापेक्षा स्वस्त आणि कागदही चांगला. शिवाय निम्म्या आकारात अक्षर बारीक होतं आणि आडव्या पुस्तकांच्या वर-खाली पांढरी पट्टी राहते. काळी-पांढरी छपाई करून मुलांना चित्रं रंगवायला देणं एवढाच उपयोग परवडला. श्रेयाचं शेवटचं पान गाळू नका, परवान्याची अट आहे.

त्यापेक्षा चाललं ते एका कागदाचं आठपानी पुस्तक. ए-फोर कागदाचे घड्या घालून आठ सारखे भाग, मध्ये एकच काप, ना पिन ना दोरा. मुलांनी घरच्या आजी-आजोबांकडून ऐकलेलं लिहिलं : वाघाची, देवचाराची, पुरात वाहून गेलेल्या रेड्याची गोष्ट. भाषा घरची, संगमेश्वरी. ती ‘सुधारायची’ नाही असं आधीच ठरलं होतं, तरी एका मोठ्या माणसाने लाल पेनने सुधारली आणि त्या मुलाने दुसरं पुस्तक केलं नाही.

या पुस्तकांनाही दाखल क्रमांक, खिसा आणि पत्ता दिला. कागद पातळ असल्याने खिसा लावला की पुस्तक फाटतं, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या कागदाची खोळ घातली.

घरी वाचून दाखवण्याचं प्रमाणही यांनीच वाढवलं. छापील पुस्तक नातवंडं आजीला दाखवतात. स्वतः सांगितलेली गोष्ट मात्र आजी पुन्हा पुन्हा वाचायला लावते, आणि चुका काढते.

१० जानेवारी २०२६ : मोजदाद

विकत घेतलेली १६०. आज हजर १४१. दवाखान्यात ८. हरवलेली ७. निकामी ४ : दोन भिजून लगदा, एक बकरीने खाल्लं, एकाची चित्रं कुणीतरी कापून नेली. हरवलेली आणि निकामी मिळून ११, गृहीत धरलेल्या सोळांपेक्षा कमी.

पत्त्यांवरून पाहिलं तर समाईक आठ पुस्तकं सर्वांत जास्त फिरली. बिनशब्दांची पहिली-दुसरीइतकीच पाचवीतही गेली. माहितीच्या पुस्तकांत सापांचं पुस्तक पेटीत थांबतच नाही. एकही नाव नसलेले पत्ते २३. ही २३ पुस्तकं फेकायची नाहीत, आधी दुसऱ्या वाडीत पाठवायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची. तरीही पावसाळ्याआधी पत्ता कोराच राहिला तर ती दुसऱ्या गावाला द्यायची.

आतापर्यंतचा खर्च : पुस्तकं ९,१४०, क्रेट आणि ताडपत्री २,०००, ट्रंक ९५०, पडदे ५६०, कव्हरं ६४०, पत्ते आणि खिसे ३१०, दुरुस्तीचं साहित्य ४८०, सिलिका जेल २२०, छपाई ३२०, वाहतूक ३८०. एकूण १५,०००. अदलाबदलीचे १,५६० वेगळे.

पुढची खरेदी शिमग्याआधी. यादीत सापांचं पुस्तक आणखी तीन प्रती, बिनशब्दांची वीस, समाईक संच आठावरून बारा, मेणबत्त्या, सुती दोरा, आणि २५ एप्रिलच्या आत सगळी कव्हरं पूर्ण. पाचवीची पेटीवाली मुलं जूनमध्ये दुसऱ्या शाळेत जाणार, त्यांच्याकडून शिवण शिकायला तिसरी-चौथीतल्या आठ मुलांची नावं आली आहेत.